अण्णा बोलू देत नाहीत

आमच्या घरात बेंगळूरू रात्री आठला येतं. मुलगी, जावई आणि पाच वर्षांची नात संगणकाच्या पडद्यावर दाटीवाटीनं बसतात आणि इकडून माझी आई खुर्ची पुढं ओढून घेते. आई ८६ वर्षांची. डावा कान जवळपास बंद, डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही बारीक दिसत नाही. फोनवर व्हिडिओ कॉल लावून दिला तर ती फोन उचलून कानाला लावते आणि तिकडं नातीला पणजीच्या कानातली कुडी तेवढी दिसते. म्हणून माजघरात जुना डेस्कटॉप, त्याला मोठा मॉनिटर, दोन्ही बाजूंना स्पीकर आणि मॉनिटरच्या डोक्यावर बसवलेला कॅमेरा, अशी सोय केलेली आहे.

नात बेंगळूरूच्या शाळेत कन्नड शिकते. पणजीचं कन्नड आमच्या बेळगावातल्या वडगावच्या बाजारातलं, सुताच्या व्यापाऱ्यांशी घासाघीस करून कमावलेलं. पणजीनं "ऊटा आत?" विचारलं की नात खिदळते, कारण तिच्या बाई "ऊट आय्ता" म्हणतात. मग पणजी मराठीत येते, नात इंग्रजीत शिरते आणि माझी मुलगी मधे बसून दोन्हीकडचं एकमेकींना पोचवत राहते. दिवसातला तेवढा अर्धा तास आई कुठल्याही दुखण्याची तक्रार करत नाही.

एप्रिलमध्ये हा अर्धा तास नासायला लागला. आठला चित्र यायचं. आठ-पाच, आठ-सहा झाले की नात घास तोंडात तसाच धरून गप्प. आवाज आधी चिरका, मग तुटक, मग नाहीच. कोपऱ्यातलं वायफायचं पंख्यासारखं चिन्ह जाऊन तिथं पृथ्वीचा गोल उगवायचा. जगाशी संबंध तुटल्यावरच जगाचं चित्र दाखवायचं, ही रीत ज्यानं काढली त्याला विनोदाची जाण असावी. दोन-तीन मिनिटांनी आपोआप जोडलं जायचं, पुन्हा तुटायचं. साडेआठनंतर सगळं ठणठणीत, पण तोवर तिकडं झोपायची वेळ झालेली असे.

"अडकली बघ पोरगी," आई म्हणायची आणि नातीला सोडवायला मी टेबलाखाली वाकायचो.

आधी काय करतात ते सगळ्या देशाला पाठ आहे. बंद करून चालू करणे. याला मी फार हसत असे, पण त्यात अर्थ आहे. राउटर हाही एक लहानसा संगणकच. दिवसरात्र चालून त्याची स्मृती भरते, कोणाला कुठला पत्ता दिला याचा त्याच्याकडं घोळ होतो आणि बंद-चालू केलं की तो सगळ्यांना नव्यानं पत्ते वाटतो. घरातल्या संगणकाला पत्ता मिळालाच नाही, तर विंडोज स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा एक तात्पुरता पत्ता लावून घेते. तसला आकडा दिसला की समजावं, राउटरनं याला दारात उभं केलेलं नाही. माझ्याकडं तो आकडा कधी दिसला नाही. पत्ता बरोबर मिळत होता आणि तरीही तुटत होतं. बंद-चालू केलं की दोन मिनिटं बरं, मग पहिले पाढे पंचावन्न.

मग तक्रार केली. हेल्पलाइनवर कन्नड, इंग्रजी आणि हिंदी असे तीन दरवाजे होते, मी हिंदीच्या दरवाज्यानं आत शिरलो. दुसऱ्या दिवशी एक पोरगा मोटरसायकलवर शिडी घेऊन आला. माझ्याशी मराठी, फोनवरच्या साहेबाशी कन्नड, शिव्या दोन्हींत. त्यानं सोप्यातल्या मोडेमची फायबर काढून एका हातभर यंत्राला लावली आणि आकडा मला दाखवला.

"काका, लेव्हल झकास हाय. उणे १९."

उणे १९ म्हणजे झकास कसं, हे पतसंस्थेत हयात घालवलेल्या माणसाला पटायला वेळ लागला. प्रकाशाची ताकद अशी उण्यातच मोजतात. उणे २७ च्या आसपास गेलं की काळजीचं, तिथून पुढं लाल दिवा लुकलुकायला लागतो. आमच्याकडं लाल दिवा कधीच लागला नव्हता. पोरग्यानं आभाळाकडं पाहिलं, "पावसाचं हाय हे," म्हणाला. पाऊस अजून आलाच नाही म्हटल्यावर जरा विचार करून म्हणाला, "मग वरनंच प्रॉब्लेम असंल."

सीमाभागातल्या माणसाला 'वरनं' या शब्दाचं नवल वाटत नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हापासून आमचं एक 'वर' बेंगळूरूला, मनातलं दुसरं 'वर' मुंबईला आणि महाराष्ट्र सरकारनं २००४ साली दावा लावला तेव्हापासून तिसरं 'वर' दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात. गावाचं नाव २०१४ मध्ये बदलून आलं तेही वरनंच. तोंडात अजून बेळगाव आहे, पाकिटावर बेळगावी आहे आणि पत्र दोन्ही नावांनी बिनचूक येतं. तेव्हा नेटचं दुखणंही वरचंच आहे हे मी सहज मान्य केलं आणि आठवडाभर बेंगळूरूला बसून कोण काय करत असेल याचा विचार करत राहिलो. तेवढा वेळ फुकट गेला.

भाच्यानं वेळेवर एक शहाणपणाची गोष्ट शिकवली. संगणकावर हुकूम टाइप करायची काळी खिडकी असते, तिच्यात पिंग असा हुकूम द्यायचा आणि पुढं राउटरचा पत्ता घालायचा, १९२.१६८.१.१. संगणक राउटरला हाक मारतो, राउटर ओ देतो, त्याला किती मिलिसेकंद लागले ते लिहून येतं. दुसरी तशीच खिडकी उघडून तिच्यात बाहेरचा पत्ता घालायचा, ८.८.८.८. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून गंमत बघायची. बाहेरची हाक बंद पडली आणि राउटरची ओ चालू राहिली, तर बिघाड घराबाहेर. दोन्ही एकदम बंद पडल्या, तर बिघाड घरात.

त्या रात्री आठ वाजून सहा मिनिटांनी दोन्ही एकदम बंद पडल्या.

बेंगळूरू, मुंबई, दिल्ली तिघंही निर्दोष सुटले. सोपा ते माजघर या अठरा फुटांत कुठंतरी गडबड होती. खरं सांगायचं तर मला थोडं वाईटच वाटलं. वरच्या माणसावर चिडण्यात एक आराम असतो.

आता या अठरा फुटांविषयी सांगायला हवं. आमचं घर वडगावातल्या वीणकरांच्या जुन्या गल्लीत. सोपा आणि माजघर यांच्यामधली भिंत दीड हात जाड, जांभ्या दगडाची, वर मातीचा गिलावा. जांभा खानापूरकडचा. अण्णा म्हणजे माझे वडील; त्यांच्या वडिलांनी तो बैलगाडीनं आणला असं सांगतात. उन्हाळ्यात या भिंतीला पाठ लावून बसावं, पंखा लागत नाही. पण वायफायला ही भिंत म्हणजे किल्लाच. लाटेची कंपनं जितकी जास्त, तितकी ती जाड भिंतीत लवकर दमते. राउटर दोन पट्ट्यांत बोलतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण माजघरात पोचेपर्यंत त्याचा जीव जातो. २.४ चा पट्टा हळू, पण चिवट. म्हणून माजघरातला डेस्कटॉप २.४ वर. त्याच्या पोटात वायफाय नाही, म्हणून जावयानं वायफाय पकडणारं अंगठ्याच्या नखाएवढं डोंगल पुढच्या निळ्या यूएसबी खाचेत खोचून दिलेलं. "निळं फास्ट असतं बाबा," म्हणाला होता.

सरळ वायर का नाही टाकली, असं कोणीही विचारेल. जांभ्याला भोक पाडायला आईची परवानगी नाही. उंबऱ्यावरून वायर न्यावी, तर त्या उंबऱ्यावरून आई दिवसातून पंचवीस वेळा काठी टेकत जाते. तिथंच विषय संपला.

शिवाय राउटर कोनाड्यात होता. तीन बाजूंनी जांभा, वर कमान आणि शेजारी गणपती. बाहेर काढून उंच फळीवर ठेवला, तशी माजघरातली ताकद ४८ टक्क्यांवरून ७१ वर गेली. मी त्या दिवशी स्वतःवर खूश होतो. आठ वाजता नात आली, आठ-पाचला अडकली.

पुढचा संशय शेजाऱ्यांवर. माजघरातून यादी काढली तर १९ नेटवर्कं दिसली. गल्लीतल्या पाट्यांपेक्षा ही नावं वाचनीय. एक 'जय शिवराय', एक 'कपिलेश्वर कृपा', एक नुसतंच 'घरचं', एकानं 'पासवर्ड मागू नये' असं नाव देऊन ठेवलंय. २.४ चा पट्टा हे गायरान आहे. परवाना लागत नाही, म्हणून सगळ्यांची गुरं तिथंच. राउटर, ब्लूटूथ, बिनवायरचे माउस, शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही तिथंच. या गायरानात १३ चाकोऱ्या, म्हणजे चॅनेल, आखलेल्या आहेत, पण एकमेकींत इतक्या घुसलेल्या की एकमेकांना धक्का न लावता चालायचं तर १, ६ आणि ११ एवढ्याच उरतात. आमच्या गल्लीत १२ जण ६ वर होते. मी ११ वर गेलो. ११ वर एकटा गणपतीच्या देवळाचा कॅमेरा. फरक पडला, पण दिवसा. आठला तेच.

मधेच एक शंका आली की संगणक आपला राउटर सोडून दुसरीकडं तर जात नाही? ही शंका बाहेरच्यांना सुचणार नाही, आम्हांला सुचते. वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळीच्या बाजूला गेलं की फोनला कळेनासं होतं आपण कुठल्या राज्यात. इकडचा टॉवर, तिकडचा टॉवर, दोघंही हाका मारतात. रोमिंगला पैसे पडायचे त्या काळात हद्दीवरच्या गावात माणूस परसात उभा राहून बोलला तर महाराष्ट्रात, अंगणात आला तर कर्नाटकात, आणि बॅलन्स दोन्हीकडं संपायचा. जाणती माणसं फोनला हातानं नेटवर्क निवडून द्यायची. माझ्या संगणकातही फोनचा हॉटस्पॉट साठवलेला होता, तो पुसून टाकला. संगणक एकनिष्ठच निघाला. तुटला तरी दुसऱ्याकडं गेला नव्हता.

डोंगलचे ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारे प्रोग्राम, बदलून पाहिले. वीज वाचवण्यासाठी डोंगल बंद करायची मुभा विंडोज स्वतःला देऊन ठेवते, ती खूण काढली. एवढ्यात सांगून संपणारं हे काम तीन संध्याकाळी खाऊन गेलं.

राहता राहिले माग. आमच्या घराला लागून चार यंत्रमाग आहेत, खटक खटक रात्री नऊपर्यंत. मोटारींमुळं नेट जात असावं, असं मला मनापासून वाटत होतं, कारण लहानपणी मी ते कानांनी ऐकलेलं आहे. अण्णांचे स्वतःचे दोन माग होते आणि मागाजवळच्या फळीवर रेडिओ. धारवाड केंद्र ठळठळीत लागायचं. सांगली मात्र बारीक, नाजूक, काटा केसभर हलला तर गेलं. मोटार सुरू झाली की सांगलीवर नुसती खरखर. अण्णांना सकाळच्या सातच्या मराठी बातम्या हव्या असत. रोज त्या वेळेला ते स्वतः उठून आपले दोन्ही माग बंद करायचे, ट्यूबलाइट घालवायचे आणि अंधारात रेडिओला कान लावून दहा मिनिटं उभे राहायचे. त्या दहा मिनिटांत किती वार कापड बुडालं याचा हिशेब आईनं त्यांना अनेकदा ऐकवलेला आहे. रेडिओ शेजारच्या फळीवर होता आणि सांगली कितीतरी कोस लांब. लांबचा आवाज काही मोठा करता येत नाही, तेव्हा जवळचा गोंगाट तेवढा बंद करायचा, एवढंच त्यांच्या हातात होतं.

शेजाऱ्याकडं जाऊन "आठला जरा माग थांबवा की" असं सांगायच्या मी बेतात होतो. पोटावर पाय देण्याआधी भाच्याला विचारलं, ते बरं झालं. रेडिओच्या मीडियम वेव्हची लाट सेकंदाला काही लाख वेळा हेलकावे घेते आणि तिची लांबी काहीशे मीटर असते. मोटारीच्या आणि स्विचच्या ठिणग्या तिला छळतात. वायफायची लाट सेकंदाला २४० कोटी वेळा हलते आणि तिची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. मागाच्या खरखरीचा जोर तिथवर पोचता पोचता संपून गेलेला असतो. म्हणजे मागही सुटले.

तेव्हा मी माझ्या धंद्याकडं परतलो. पतसंस्थेत ३१ वर्षं हिशेब लिहिला. तेरीज, म्हणजे जमा-नावेचा ताळा, जुळत नाही, तेव्हा अनुभवी माणूस आधी फरकाला ९ नं भागून बघतो. भाग गेला तर बहुतेक कोणीतरी ५४ च्या जागी ४५ लिहिलेलं असतं. आकडे उलटे पडले की फरक ९ च्या पटीतच येतो, गणितच तसं आहे. यात सगळ्या वह्या चाळायचा त्रास वाचतो, कारण चूक कुठल्या जातीची आहे ते आधी कळतं. नेटच्या बाबतीत मला तो ९ सापडत नव्हता. म्हणून वही घातली. तारीख, कितीला तुटलं, कितीला जोडलं, वीज, पाऊस, शेजारचे माग, घरात कोण कोण आलेलं. विंडोजकडून वायफायचा गेल्या तीन दिवसांचा अहवाल काढता येतो, त्यात जोडल्या-तुटल्याच्या वेळा सेकंदासकट असतात, त्या वहीशी ताडून बघायच्या. मला तर पासबुक भरून मिळाल्यासारखं वाटलं.

२३ दिवसांची वही झाली. १७ दिवस तुटलं, ६ दिवस एकदाही नाही. त्या सहांतले ५ दिवस वळवाचे होते.

हे वाचून मी वही मिटली आणि चष्मा पुसला. बेळगावचा वळीव म्हणजे दुपारी चारला आभाळ काळं, पाचला गडगडाट, धूळ, पत्रे वाजतात, तास-दीड तास झोडपून जातो आणि मग मातीचा वास. लाइनवाला पोरगा पावसाला दोष देत होता, आणि माझी वही सांगत होती की विजा कडाडल्या त्या दिवशी नेट शाबूत. पाऊस पडला की नेट सुधारतं, असं तक्रार घेणाऱ्या बाईला हिंदीत कसं सांगणार?

मी वहीत डोकं घालून बसलेलो असताना आई शेजारी वाती वळत होती. तिनं विचारलं, "काय करालास रे एवढं?" सांगितलं.

"मला विचार की," ती म्हणाली. "तुझे अण्णा बोलू देईनात."

"काय?"

"ती डबी लुकलुकाय लागली की पोरगी अडकतीय. रोज बघतेय मी."

डबी म्हणजे हार्ड डिस्क. मार्चमध्ये आणलेली. अण्णा जाऊन आता नऊ वर्षं होतील. त्यांचं सगळं मी वाचवायला घेतलं होतं. त्यांच्या भजनी मंडळाच्या तीन कॅसेटी, त्यांत एका अभंगात त्यांचा एकट्याचा आवाज. २१२ फोटो. सुताच्या हिशेबाची मोडी-बाळबोध मिसळलेली वही, पानन् पान स्कॅन केलेलं. हे सगळं संगणकात घेऊन त्याची एक प्रत या काळ्या डबीत. आईला मी सांगितलं होतं, "यात अण्णा आहेत बघ." तिनं ते शब्दशः घेतलेलं.

आणि अण्णांना फोन सोसत नसे, हे मात्र खरं. घरात फोन आला तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले. स्वतःचा फोन आला तर "बरं आहे, ठेवतो" एवढ्यात आटपायचे. आई इचलकरंजीच्या मामांशी बोलायला लागली की हे येऊन शेजारी उभे. काही म्हणायचे नाहीत, नुसता घसा खाकरायचे. एकदा, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा खाकरले की आई फोनमध्ये म्हणायची, "ठेवते आता." तिकडं मामांना कळायचं, भावजी आले.

मी हसून सोडून दिलं. आईच्या बोलण्याला शास्त्र नव्हतं आणि माझ्याकडं वही होती.

रात्री अंथरुणावर पडल्यावर उठून बसलो. विजा कडाडायला लागल्या की मी काय करतो? सगळ्या पिना काढतो. आणि डिस्क उचलून कपाटात, आईच्या लुगड्यांच्या घडीत ठेवतो. संगणक जळला तर जळो, अण्णा जळायला नकोत. पाऊस गेल्यावर संगणक पुन्हा लावतो, पण डिस्क रात्रभर कपाटातच. पाच दिवसांचा उलगडा झाला. सहावा दिवस वहीत बघितला. पावसाच्या रकान्यात फुली. घरात कोण आलेलं, या रकान्यात लिहिलेलं होतं: भाचा, फोटो कॉपी करायला डिस्क घेऊन गेला.

फरकाला ९ नं भाग गेला होता.

आणि आठचीच वेळ का? कारण ती मीच दिली होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी प्रत घेण्याचा प्रोग्राम बसवला, त्यानं विचारलं रोज किती वाजता, आणि मी लिहिलं आठ. तेव्हा संगणक हमखास चालू असतो ना, बेंगळूरूसाठी. शिवाय निवड अशी काही चुकवली होती की तो रोज मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओसकट सगळंच्या सगळं नव्यानं उतरवत बसायचा. आधी पाच मिनिटं फायली मोजायच्या, मग पंचवीस मिनिटं लिहायचं. माझ्याच हातानं टाकलेली वेळ मी महिनाभर दुसऱ्यांच्या वहीत शोधत होतो.

सकाळी तपासलं. पिंगची खिडकी उघडली, राउटर दोन-तीन मिलिसेकंदांत ओ देत होता. डिस्कवर मोठी फाइल उतरवायला टाकली. ओ यायला ४००, मग ९००, मग उत्तरच नाही. उतरवणं थांबवलं, पुन्हा दोन-तीन. पाच वेळा केलं, पाच वेळा तेच.

कारण वाचलं तेव्हा मौज वाटली. निळ्या खाचेतली यूएसबी ३.० सेकंदाला ५ गिगाबिट वेगानं आकडे ढकलते. एवढ्या घाईत वायरीतून, खाचेतून, डबीच्या सांध्यांतून एक गोंगाट बाहेर सांडतो आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या गायरानावर पसरतो. इंटेल कंपनीनं २०१२ मध्येच यावर टिपण काढून ठेवलंय: बिनवायरचं उपकरण अशा खाचेपासून लांब ठेवा, आणि खाच, वायर नीट झाका. जुन्या काळ्या खाचेची यूएसबी २.० त्या मानानं संथ, ४८० मेगाबिटची, तिचा हा उपद्रव नाही. आमचं डोंगल आणि अण्णांची डबी दोन निळ्या खाचांत शेजारी शेजारी, मधे बोटभरसुद्धा अंतर नाही. भिंतीपलीकडून दमून आलेला राउटरचा आवाज आणि कानाशी हा गोंगाट. राउटर हाका मारत होताच. डोंगलला ऐकू येत नव्हतं.

खडे बाजारातून दीड मीटरची यूएसबीची जोडवायर आणली. डोंगल तिच्या टोकाला लावून वर नेलं आणि अण्णांची टोपी अडकवायच्या खुंटीला टांगलं. दारासमोर, भिंतीच्या आडोशातून जरा बाहेर. प्रत घ्यायची वेळ दुपारी तीनला नेली. सर्वांत जवळचा उपाय दोन मिनिटांचा होता आणि महिनाभर मी सगळी गल्ली, तीन शहरं आणि आकाश धुंडाळून आलो होतो. जावयाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अरेच्चा, निळ्या खाचेत मीच लावलं होतं." त्याला मी काही म्हटलं नाही. भाच्याला म्हणालो, आईनं आधीच सांगितलं होतं. त्याला ते खरं वाटलं नाही.

तेव्हापासून कॉल तुटत नाही. जूनमध्ये पावसाची झड लागली, खालच्या गल्लीत पाणी साचलं, वीज दोनदा गेली, इन्व्हर्टरवर कॉल चालला. नात आता पणजीला कन्नड अंक म्हणून दाखवते आणि पणजी तिला चुका काढते, 'एंटु' असं म्हण, 'एट' नव्हे. अर्धा तास पुरतो आणि वर उरतो.

आई मात्र टेबलावरच्या डबीकडं बघत असते. तिचा दिवा आता आठला लुकलुकत नाही.

"आता येईनात होय?" तिनं एकदा विचारलं.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. लाटा, खाच, गोंगाट, दीड मीटर. तिनं ऐकून घेतलं, निदान उजव्या कानानं. वाती वळत राहिली.

गेल्या रविवारी कॉल संपत आला होता. नात शाळेतल्या सहलीचं सांगत होती. बस, माकड, कोणाला तरी उलटी झाली. आईनं माझ्या दंडाला हात लावला आणि हळू म्हणाली, "एकदा लाव की जवळ."

खुंटीवरचं डोंगल काढलं, जोडवायर बाजूला केली, डोंगल पुन्हा डबीशेजारी निळ्या खाचेत खोचलं. चित्र गेलं आणि परत आलं. लग्नाचा व्हिडिओ डबीवर उतरवायला टाकला. दिवा लुकलुकायला लागला. नातीचा आवाज चिरकला, तुटला, आणि ती हात वर केलेल्या अवस्थेत थिजली, माकडाचं काहीतरी दाखवत असावी.

आईनं पदर सावरला. डबीकडं वळून म्हणाली, "होय हो, ठेवतेच आता."